मातीतली रेघ

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. दृष्टी मंदावल्यावर त्यांनी रोग्यांचे सारे काम अनसूया नावाच्या आपल्या शिष्येवर सोपवले होते.

अनसूया कुणालाच नाही म्हणत नसे. कुणी हाक मारली, की जेवणाच्या पानावरून उठे. लोक तिचे गुण गात, आणि काही दुखत नसले तरी येऊन बसत. तिचे डोळे मात्र खोल गेले होते. सकाळी उठतानाच ती थकलेली असे.

एके दुपारी तिने खोकणाऱ्या मुलाच्या आईला औषधाची बाटली दिली. वैद्यांना वास वेगळा आला. त्यांनी बाटली मागून घेतली. ते सांध्यांना चोळायचे तेल होते. पोटात जाते तर मुलाच्या जिवावर बेतले असते. त्यांनी स्वतः काढा काढून दिला. माय-लेक गेल्यावर अनसूया भिंतीला टेकून बसली. रडण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते.

वैद्य रागावले नाहीत. काठी घेऊन अंगणात गेले आणि दारासमोर मातीत एक आडवी रेघ ओढून परत आले.

तेवढ्यात गावातला एक व्यापारी केस गळतात म्हणून आला. रेघ ओलांडून सरळ ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, तुमची रेघ त्यांना दिसलीसुद्धा नाही," अनसूया हळूच म्हणाली.

"मर्यादा घालण्याला इंग्रजीत रेघ ओढणे म्हणतात. शाळेत शिकलो होतो."

"ते कशावरून आले?"

"नक्की कुणाला ठाऊक नाही. कुणी शेताच्या हद्दीवरून म्हणतात, कुणी खेळाच्या मैदानावरून. पण कुठलीही रेघ कुणाचा पाय धरत नाही, मुली. तिच्यापाशी उभे राहून कुणालातरी 'इथवरच' म्हणावे लागते. ही रेघ मी लोकांसाठी नाही ओढली. तुझ्यासाठी ओढली. दमलेल्या हाताने दिलेले औषध म्हणजे सेवा नव्हे."

 अनसूया उठून ओसरीवर गेली.

"शेठजी, केसांचे औषध उद्या सकाळी देते. आता मी जेवून थोडी पडणार आहे."

"वैद्यबुवांच्या वेळी असे कधी झाले नव्हते," व्यापारी म्हणाला.

तिला फार अपराधी वाटले. तरी ती तिथेच उभी राहिली. व्यापारी कुरकुरत निघून गेला. ती जेवली, आणि पडल्या पडल्या तिला गाढ झोप लागली.

दिवस कलताना एका भाजलेल्या मुलीला उचलून लोक धावत आले. वैद्यांनीच अनसूयेला हाक मारली. ती तत्काळ उठली, आणि मलम नेमके कोणते, हे तिला दोनदा पाहावे लागले नाही.