चष्म्याला लावलेलं कुंकू

अवजारं माणसाला तोंडावर सुनावायची, त्या काळातली ही गोष्ट. गेनबा माळ्यानं खंडेनवमीला कोयता, खुरपं, कात्री सगळ्यांची पूजा केली. बागकामाच्या चष्म्यालाही दोन्ही काचांवर कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घालून खुंटीला टांगलं.

दसरा झाल्यावर गेनबा बोगनवेल छाटायला निघाला. चष्मा म्हणाला, "काचा पूस आणि मला डोळ्यांवर घाल."

"पूजेचं कुंकू पुसू कसा? आणि चार फांद्या तर तोडायच्यात," म्हणत गेनबा कोयता घेऊन गेला.

ओढून धरलेली फांदी हातातून सुटली, सपकन उलटली आणि तिचा काटा त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला. तो डोळा गेला.

पट्टी सुटल्यावर गेनबा खुंटीपाशी आला आणि चष्म्याला हात जोडून उभा राहिला.

चष्मा संतापला. "हात कसले जोडतोस? कोयत्याला कुंकू लावलंस आणि कामाला नेलंस. मला मात्र कुंकू लावून आंधळं केलंस, वर टांगून ठेवलंस. तुझ्याकडे पूजा मागितली होती कुणी? मी डोळे मागत होतो, राखायला."

गेनबानं चष्मा उतरवला आणि उपरण्यानं उजवी काच लख्ख पुसली. डाव्या काचेवरचं कुंकू तसंच राहिलं.