हैबतीचा पुकारा

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा राजे आपल्या मल्लांना तुपाचे बुधले धाडीत, आणि मल्ल आपल्या गावाचे नाव दूरवर नेत. अशाच एका गावात हैबती नावाचा मल्ल होता. ऐन उमेदीत त्याने भल्याभल्यांना अस्मान दाखवले होते.

त्या गावाचा एक रिवाज होता. जत्रेत कुस्त्या लागण्याआधी हलगीवाला प्रत्येक मल्लाचे नाव पुकारी आणि नावापुढे फक्त त्याची शेवटची कुस्ती सांगे. आधीचा पराक्रम ज्याने त्याने आठवावा.

हैबतीचे केस पिकले आणि एका जत्रेत तो चीत झाला. पुढच्या साली हलगीवाला ओरडला, "हैबती, चीत झालेला!" ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले. आता एक कुस्ती मारायची आणि मगच लंगोट मारुतीच्या पायाशी ठेवायचा, असे त्याने ठरवले. पण वय कुणाला चुकले आहे? तो हरला म्हणून पुन्हा लढला, आणि लढला म्हणून पुन्हा हरला. शेवटी उदाजी नावाच्या तरण्या मल्लाने त्याला असे आपटले, की त्याचा उजवा खांदाच निखळला.

बायकोने खांदा शेकला, लेप लावले, 'आता पुरे' म्हणून नाना परींनी समजावले. एकदा मात्र ती स्पष्टच बोलली, "अहो, नाव राखायला जाता आणि हातपाय मोडून येता. हातच गेला तर नाव काय चाटायचंय?"

पण बिचाऱ्या हैबतीला वाटे, आपले सारे आयुष्य त्या एका पुकाऱ्यात बुडाले.

पुन्हा जत्रा आली. धोतराखाली लंगोट कसून तो फडाच्या कडेला जाऊन बसला. खांदा ठणकत होता, तरी आव्हान द्यायचेच होते.

हलगी कडाडली. "उदाजी, हैबतीला चीत करणारा!"

सारा फड उठून उभा राहिला. समोरच्या परगावच्या मल्लाचा तर चेहराच उतरला. हैबती चक्रावून इकडेतिकडे बघू लागला. एवढा दरारा कुणाच्या नावाचा, ते त्याला उमगेना.

तेवढ्यात उदाजीची नजर त्याच्यावर गेली. तो गर्दीतून वाट काढत आला आणि पायांशी वाकला. म्हणाला, "वस्ताद, तुम्ही लहान असता, तर मला कोण मोठं म्हणालं असतं?"

हैबतीचे डोळे भरून आले. मग त्याचाही पुकारा झाला, "हैबती, उदाजीकडून चीत झालेला!" रिवाज काही बदलला नव्हता. पण या खेपेला हैबतीने तो मान वर करून ऐकला. मग तो उठला, मातीत न उतरता मारुतीच्या देवळात गेला आणि लंगोट देवाच्या पायाशी ठेवून घरी आला.

तात्पर्य: ज्याला हरवल्याचे लोक जन्मभर मिरवतात, त्याचे नाव हरण्याने पुसले जात नाही.