नकाशातला बाण

देवस्थळीसाहेबांना नकाशांची भारी हौस. दूध संघाच्या कचेरीत त्यांनी भिंतीवर दोन नकाशे चिकटवले. एक, संघाचं काम आज कसं चालतं त्याचा. दुसरा, उद्या कसं चालेल त्याचा. आणि हे वर्षात चौथ्यांदा! मग जुन्या कारकून खराडेबाईंना फर्मावलं, "दोन्हींतला फरक लिहून आणा."

बाईंनी एकच ओळ आणली : 'उद्याच्या नकाशात माझी खुर्ची नाही.'

"नसणारच," साहेब म्हणाले. "वरच्या कॉम्प्युटरमधले दुधाचे आकडे खाली टँकरच्या कॉम्प्युटरवर आपोआप जातात. दोन्ही नकाशांत हा बाण आहे, बघा. मग तुमचं काम काय?"

"आपोआप कसले जातायत, साहेब! अकरा वर्षं रोज सकाळी मी ते आकडे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवते, जिना उतरते आणि खाली पुन्हा टाइप करते. हा बाण म्हणजे मी."

"नकाशात कुठे लिहिलंय तसं? तज्ज्ञांनी काढलाय तो, बाई!"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

अर्ध्या तासात खालून फोन आला. आकड्यांवाचून सात टँकर फाटकाशी खोळंबले होते. साहेब फोन हातात धरूनच धावत आले.

"बाई, आकडे खाली गेलेच नाहीत! काय सांगू यांना?"

खराडेबाई जागच्या हलल्या नाहीत.

"सांगा, बाण बसलाय!"