हुप्प्या आणि मुका राखणदार

जंगलातल्या झाडांना नुकतेच कॅमेरे बांधू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्याजवळच्या ऐनावर एक कॅमेरा आला आणि त्याच झाडावरच्या म्हाताऱ्या हुप्प्या वानराचं डोकं फिरलं. वाघ दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या वानरांचं काम.

"तू रे कसला राखणदार?" हुप्प्या म्हणाला. "काल वाघ नाकासमोरून गेला, तरी तू गप्प!"

"मी फोटो काढून वनरक्षकांच्या चौकीवर पाठवतो," कॅमेरा म्हणाला.

"तोवर चितळ वाघाच्या पोटात!" म्हणत हुप्प्याने त्याच्या काचेवर ओला चिखल थापला.

दुसऱ्या दिवशी एक शिकारी आला आणि चितळांच्या वाटेवर तारेचे फासे लावू लागला. हुप्प्या जिवाच्या आकांताने ओरडला. चितळं पळाली. एवढ्यात दोन वनरक्षक आले, तसा शिकारी झुडपात दडला.

"वानर ओरडतंय, म्हणजे इथे वाघ आहे," एक वनरक्षक दुसऱ्याला म्हणाला. "चल, मागे फिर!"

हुप्प्याने कपाळावर हात मारून घेतला. मग मुकाट्याने खाली उतरून त्याने शेपटीने काच पुसली. शिकारी पुन्हा फाशांकडे वळला, तोच कॅमेऱ्याने त्याचा फोटो चौकीवर धाडला. वनरक्षक धावत आले. शिकारी पकडला गेला, फासे निघाले.

हल्ली हुप्प्या रोज सकाळी ती काच पुसतो आणि कॅमेऱ्याला बजावतो, "वाघाचं मी बघतो. माणसांचं तू बघ."