बाईंचं पिल्लू आणि सोपानची कात्री

एका गावात एक भोळा सफाईवाला होता. झाडू मारणारा नव्हे, सिनेमाची जुनी रिळं साफ करणारा. त्याचं नाव सोपान.

रंगनाथशेठ जुन्या रिळांवरून डीव्हीडी काढून विकत. रीळ यंत्रात घातलं की त्यातलं एकेक चित्र कॉम्प्युटरवर येई आणि सोपान ते झाडूनपुसून लख्ख करी. पहिल्याच दिवशी शेठनी त्याला बजावलं होतं, "एकेक चित्र बघायचं. कामाच्या वेळी सिनेमा बघत बसायचं नाही."

"बरं, शेठ," सोपान म्हणाला. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तेवढाच काय तो त्याच्यात दोष होता.

त्याच गावात मंदाकिनीबाई राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. तरुणपणी त्यांनी चार कार्टून सिनेमे केले होते, तेही एकेक चित्र हाताने काढून. पाच मिनिटांच्या सिनेमाला सात हजार चित्रं! आता बाईंनी ऐंशी ओलांडली होती. प्रत्येक सिनेमाचं एकच रीळ उरलं होतं आणि गावातल्या एकाही पोराने त्यातलं काही पाहिलं नव्हतं. एक दिवस चारही डबे छातीशी धरून बाई शेठकडे आल्या.

"मी आहे तोवर पोरांना हे बघू दे," बाई म्हणाल्या. "मग मी सुखाने डोळे मिटेन."

"अगदी नव्यासारखं करून देतो, बाई," शेठ म्हणाले. इथूनच बिघडायला सुरुवात झाली.

पहिला सिनेमा होता बेडकांच्या स्नेहसंमेलनाचा. शेठ म्हणाले, "सोपान, जुन्या रिळावर उभ्या रेघा असतात. दिसली रेघ की पूस."

सोपानने रेघा पुसल्या. खूप होत्या. आठ दिवस पुसत होता. डीव्हीडी घरोघर गेली. पोरं बघतात तर बेडूक छत्र्या उघडून कोरड्या ठणठणीत मैदानात नाचताहेत आणि "आला रे आला" म्हणून ओरडताहेत. कोण आला ते कुणालाच कळेना. सोपानने सगळा पाऊस पुसून टाकला होता.

बाईंचा चेहरा पडला. शेठनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, तो पाऊस होता! यापुढे काही पुसायचं नाही. जे दिसेल ते राहू दे."

"बरं, शेठ."

झालेलं काम शेठ पुन्हा करत नसत. दुसरा सिनेमा आला, उंटाच्या दवाखान्याचा. रीळ यंत्रात गेलं, तेवढ्यात यंत्राच्या काचेवर एक माशी येऊन बसली. सोपानने ती पाहिली. हातही उचलला. मग त्याला शेठचं बोलणं आठवलं आणि त्याने हात खाली घेतला.

डीव्हीडी घरोघर गेली. उंटापेक्षा मोठी माशी पडद्यावर फिरत होती. ती उंटाच्या नाकावर बसली, औषधाच्या बाटलीवर चालली, नर्सबाईंच्या टोपीत शिरली. पोरांना वाटलं, सिनेमा माशीचाच आहे. मधेच माशी उडून गेली, तर पोरं टाळ्या वाजवून, टीव्ही बंद करून खेळायला गेली. उंट बरा झाला की नाही, ते कुणी पाहिलंच नाही.

"अरे बैला," शेठ ओरडले, "माशी काय बाईंनी काढली होती? चित्राबाहेरचं काहीही पडद्यावर दिसता कामा नये!"

"बरं, शेठ."

तिसरा सिनेमा जिराफाच्या टोपीचा. जिराफ जत्रेला निघतो आणि वेगवेगळ्या टोप्या घालून बघतो, अशी गोष्ट. आता बाईंचं चित्र जुन्या मापाचं, जवळजवळ चौकोनी. हल्लीचे टीव्ही आडवे. त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागल्या. सोपानने विचार केला, या पट्ट्या काही बाईंनी काढलेल्या नाहीत. मग त्याने चित्र ताणून मोठं केलं. पट्ट्या गेल्या. वरचा भाग पण गेला.

डीव्हीडी घरोघर गेली. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक खांब जत्रेत फिरत होता. वरून आवाज यायचा, "ही टोपी कशी दिसते मला?"

"आजोबा," एका मुलीने विचारलं, "हा विजेचा खांब कुणाशी बोलतोय?"

या वेळी बाई स्वतः दुकानात आल्या. शेवटचा डबा त्यांनी सोपानपुढे ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही.

"सोपान, यात माझं पिल्लू आहे," त्या म्हणाल्या. "कोंबडीचं पिल्लू हरवतं आणि आईला शोधतं. माझं सगळ्यात लाडकं काम आहे हे. याला यंत्रात घालू नकोस, रंगवू नकोस, काही करू नकोस. माझ्या हातचं जे आहे तेच, जसंच्या तसं, घराघरात पोचू दे."

"आणि सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे!" शेठ आतून ओरडले. "दीडशे घरं आहेत. आणि पुन्हा कुणाचं डोकं कापलंस तर याद राख!"

"बरं, बाई. बरं, शेठ."

शनिवारी संध्याकाळी सोपान हसत हसत दोघांपुढे उभा राहिला. "पोचवलं, बाई! यंत्रात घातलं नाही. एक रेघ पुसली नाही. माशी फिरकू दिली नाही. दीडशे घरांत दोन-दोन हात रीळ दिलं, अगदी मोजून. आणि डोकं एकाचंही कापलं नाही, शेठ. कात्री चालवली ती दोन चित्रांच्या बरोबर मधून."

शेठ मटकन खाली बसले.

"जा," बाई म्हणाल्या. "सगळे तुकडे गोळा कर आणि जोडून आण."

सोपान गेला. रविवारी दुपारी भला मोठा गुंडाळा काखेत मारून आला. दीडशेच्या दीडशे तुकडे होते. बाईंच्या जिवात जीव आला. शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली, जुना प्रोजेक्टर घरघरायला लागला. गावातली सगळी पोरं जमली. सुट्टीचा दिवस होता, कामाची वेळ नव्हती, म्हणून सोपानही पोरांत मांडी घालून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सिनेमा बघत होता.

चादरीवर रंग उजळले. काय सुंदर होतं ते! पहिल्याच क्षणी पिल्लू धावत आलं आणि आईच्या पंखात शिरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ते एकदम विहिरीच्या काठावर दिसलं. मग अंड्यातून बाहेर आलं. मग मांजरापासून पळालं, मग पुन्हा अंड्यात. शेवटी एका बैलगाडीखाली ते एकटंच उभं राहिलं, "आई" म्हणालं, आणि चादर पांढरी झाली.

तेवढ्यात पोरांच्या मधून मोठ्ठा हुंदका आला. सोपान ढसाढसा रडत होता.

"बाई, त्याला आई भेटली की नाही हो?"

"भेटते रे. शेवटी भेटते," बाई म्हणाल्या. "शेवट तू सुरुवातीला जोडलास. कुठला क्रम लावलास तू?"

"ज्या घरातून जो तुकडा आधी मिळाला, तो आधी. सगळ्यांत पिल्लूच तर होतं!" सोपानने बाहीने नाक पुसलं. "गोष्ट आहे हे आधी सांगायचं ना, बाई. मला वाटलं, नुसती चित्रं आहेत."

बाईंना हसूच आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्या सकाळी माझ्याकडे ये. आपण दोघं पुन्हा सगळं बघू आणि नीट जोडू."

सोपानने डोळे पुसले आणि ठामपणे मान हलवली.

"उद्या नाही जमायचं, बाई. उद्या सोमवार. कामाच्या वेळी मी सिनेमा बघत नाही."