मेंढवाड्यातली चूल

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत ग्रेस्लॅक नावाची घळ आहे. तिच्या उतारावर एक दगडी मेंढवाडा दिसतो. छप्पर केव्हाच गेलं, पण आत चक्क चूल आहे, धुराडं आहे. मेंढरांना चूल कशाला, असं पाहुणे विचारतात, तेव्हा इथली जुनी माणसं एल्सपेथची गोष्ट सांगतात.

राणीच्या राज्यातली गोष्ट. एल्सपेथचा नवरा अ‍ॅडम जमीनदाराचा मेंढपाळ होता. त्याची आई बेथिया त्यांच्यातच राहायची. हिवाळ्यातल्या पावसापासून आणि गोचिडांपासून जपायला मेंढरांच्या अंगाला डांबर आणि लोणी चोळण्यात तिचा जन्म गेला. तो वास तिच्या कातडीत मुरला होता म्हणे. आता बोटं वाकडी झाली होती, काम होत नव्हतं.

त्या वर्षी शिरगणती निघाली. ठरल्या रात्री जो जिथे झोपेल, तिथे त्याचं नाव लागायचं. त्या संध्याकाळी जमीनदाराचा कारभारी आला. चुलीपुढे ऐसपैस बसून त्यानं एल्सपेथनं वाढलेला मटणाचा रस्सा भुरके मारत संपवला, मग नाकाला रुमाल लावून म्हातारीकडे बोट दाखवलं.

"हिचं नाव इथे लागलं, तर उद्या हिला पोसायचा भार मालकांवर येईल. आज हिला मेंढवाड्यात झोपव. मेंढरांची गणती होत नाही."

आपल्याच विनोदावर तो हसला. हनुवटीवरून चरबी ओघळत होती. पण एल्सपेथला खरी शिसारी आली ती पुढे. अ‍ॅडम खाली मान घालून म्हणाला, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे." आणि खुंटीवरची शाल काढून त्यानं आईच्या हातात दिली.

नवऱ्याचा तो हात इतकी वर्षं आपल्या अंगावरून फिरला, या विचारानं एल्सपेथच्या अंगावर काटा आला असं सांगतात. तिनं उरलेला रस्सा कुत्र्यांपुढे ओतला, मडक्यात निखारे घेतले आणि सासूबरोबर बाहेर पडली. थंडी आहे, तू घरी जा, असं बेथियानं परोपरीनं सांगितलं. ती गेली नाही.

सकाळी गणतीला शाळेचे मास्तर आले. घरात अ‍ॅडम एकटाच. त्यानं मेंढवाड्याकडे बोट दाखवलं. तिथे ओल्या लेंड्यांच्या चिखलात, तीन दगडांच्या चुलीशी दोघी बसल्या होत्या.

"रात्री आम्ही इथे झोपलो, मास्तर," एल्सपेथ म्हणाली. "तसंच लिहा."

मास्तरांनी वही उघडली. मग त्यांनी लिहिलं: घर एक, कुटुंबप्रमुख बेथिया. खिडक्या किती, हेही त्या गणतीत विचारत. एल्सपेथनं वर मोकळ्या आभाळाकडे पाहिलं.

कारभारी मेंढवाडा पाडायला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला सांगितलं, की हे घर सरकारदरबारी लागलंय, पाडलंत तर या बायकांना बेघर केल्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तो थुंकून निघून गेला. शेजाऱ्यांनी वर छप्पर घातलं, धुराडं बांधलं.

अ‍ॅडम रोज दूध घेऊन यायचा आणि दाराशी उभा राहायचा. पुढे आईला राहवलं नाही. तिनं त्याला नावानं हाक मारून आत घेतलं. एल्सपेथ मात्र भिंतीकडे तोंड करून बसली. त्याच्या हातचं दूध तिनं मरेपर्यंत तोंडाला लावलं नाही म्हणे.

आजही लोकर कातरून झाली, की घळीतल्या बायका त्या चुलीत जाळ करतात. पुरुष बाहेर थांबतात. सगळ्यांत वयस्क बाई एकेकाला नावानं हाक मारते, तेव्हाच ते आत येतात. सुना भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असतात. कुणी कधी वळायचं, की वळायचंच नाही, हे जिचं तिनं ठरवायचं.