लेकुरवाळी जांभळ

गेल्या वर्षी भाद्रपद अमावास्येच्या आदल्या दिवशी, घाटमाथ्यावरील उंबरदरा या गावी, चिंधाबाई लांघी यांच्या ओट्यावर बसून मी ही आख्यायिका ऐकली. झाडांच्या मुळांवर जगणाऱ्या रानफुलांच्या अभ्यासासाठी मी तेथे गेलो होतो. चिंधाबाईंना ती त्यांच्या सासूने सांगितली होती. मी ती शक्यतो त्यांच्याच क्रमाने मांडतो.

फार मागे, राईत अजून पायवाटही पडली नव्हती तेव्हा, उंबरदऱ्यात ठमाय नावाची सुईण होती. तिच्या हातावर आलेले मूल रडण्याआधी हसे, असे म्हणतात. तिची स्वतःची मुलगी मात्र बारशाआधीच गेली. रिवाजाप्रमाणे तान्हीला राईतल्या जांभळीच्या मुळाशी पुरले. तान्ही गेली, पण ठमायचे दूध आटले नाही. पदर भिजला की ती राईत जाई आणि दूध त्या मुळावर सोडी. नाव ठेवायचे राहून गेले होते, त्यामुळे हाक काय मारावी हे तिला कळत नसे. ती नुसती बसून राही.

पाऊस ओसरला आणि मुळाशी माती फुटली. पान नाही, हिरवा देठ नाही. तान्ह्या मुलाच्या मिटलेल्या मुठींसारखी तांबूस फुले वर आली. ठमायने बोटाने माती उकरून पाहिली. फुले जांभळीच्या मुळालाच लुचत होती. "मी पाजायची, तिला आता ही जांभळ पाजतीये," एवढेच ती बोलली, असे म्हणतात.

त्याच वर्षी देवळाची तुळई मोडली. तुळईजोगे सरळ झाड राईत एकच होते, ती जांभळ. धोंडू सुतार कुऱ्हाड घेऊन आला. तोही ठमायच्याच हातावर जन्मलेला. तिने त्याला अडवले नाही. मुळावरचा पाला तेवढा हाताने बाजूला सारला.

"अंगावर पिणारं हाये रं, धोंडू. दूध तुटलं की ये."

धोंडू कुऱ्हाड खांद्यावर टाकून परतला. देवळाचे छत टेकू लावून उभे केले. दरवर्षी फुलांच्या दिवसांत तो विचारायला येई.

"ठमाय, माझी नातवंडं चालाय लागली. तुझ्या लेकीचं दूध अजून तुटंना व्हय?"

"लाडाची हाये," ठमाय म्हणे. दोघेही हसत.

एके सकाळी ठमाय घरात नव्हती. ती पुन्हा कोणालाही दिसली नाही. त्या सकाळी राईतल्या प्रत्येक झाडाच्या मुळाशी मुठी उगवल्या होत्या आणि जांभळीखालची एकच मूठ उघडी होती, असे म्हणतात.

आजही उंबरदऱ्यात झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी ठमायचे नाव घेऊन मुळावरचा पाला हाताने सारतात आणि झाडाला विचारतात, "अंगावर कुणी हाये का?" फुले दिसली, तर माघारी फिरतात. देवळाचे छत अजून टेकूवरच आहे.

या फुलांना पाने नसतात आणि ती झाडाच्या मुळातूनच पोषण घेतात, हे मी एका उघड्या पडलेल्या मुळावर पाहिले. जांभळीखाली तान्ही खरोखर पुरली होती का, याची खात्री मात्र मला करता आली नाही. त्यासाठी मुळाशी खोदावे लागले असते. मी चिंधाबाईंची परवानगी मागितली होती.

"दूध तुटू दे," त्या म्हणाल्या.